शेवटच्या दोन ओळी

मेट्रोच्या फलाटावर रुळांच्या कडेनं असलेल्या काचेवर सोदामची कविता होती आणि तिच्या शेवटच्या दोन ओळींवर कुणीतरी खोकी बांधायची तपकिरी पट्टी चिकटवली होती. ग्वीरान आधी पुढे निघूनही गेली होती, चार पावलांनी मागे आली. काचेवरच्या कविता वाचायला म्हणून कुणी फलाटावर येत नाही. गाडीला दोन मिनिटं असली की नजर कुठेतरी टेकवावी लागते, म्हणून माणसं तिथे बघतात, आणि दार उघडलं की वाचलेलं तिथेच ठेवून आत शिरतात. पण ही कविता ग्वीरान शिकवायची त्या वर्गातल्या मुलीची होती. शहरभरातून आलेल्या कवितांतून निवडलेली. वर ठळक अक्षरांत ‘पाठ’, खाली ‘हान सोदाम, दहावी’, आणि मधे ही पट्टी, अगदी सरळ, अंगठ्यानं दाबून बसवलेली. खोडसाळपणा इतका नीटनेटका नसतो.

“तुम्हीही बघितलीत ना?” पिवळ्या जाकिटातली सफाईवाली बादली सरकवत जवळ आली. साठी उलटलेली असेल, हातात खरवडणी. “दोनदा काढली मी. तिसऱ्यांदा चिकटवून गेलीय कार्टी.”

“कोण?”

“शाळेची पोरगी. गणवेशातली. केस इथवर. अहो, नसेल आवडली कविता तर नाही वाचायची, जबरदस्ती आहे का? पट्टी कशाला?” मग डोळे बारीक करून ती काचेला नाक लावल्यासारखी उभी राहिली. “खाली काय लिहिलंय हो? वरचं छान आहे. न्हाणीघरातल्या बाईचं आहे. खालचं काही वाचायला मिळत नाही. पट्टी काढते तेव्हा चष्मा नसतो, चष्मा असतो तेव्हा पट्टी असते.”

“काय की,” ग्वीरान म्हणाली. “मला नाही माहीत.”

आणि गाडी आली. आत बसल्यावर तिला आपल्याच उत्तराचं नवल वाटत राहिलं. झोपेतून उठवून विचारलं तरी त्या दोन ओळी तिला म्हणता आल्या असत्या. त्या तिनेच लिहिल्या होत्या.

चार वाजता सभागृहात कार्यक्रम होता. निवडलेल्या बारा मुलांनी आपापली कविता मंचावर म्हणायची, पालकांनी फुलांचे गुच्छ घेऊन बसायचं, आणि प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या शिक्षकालाही ‘मार्गदर्शक’ म्हणून प्रमाणपत्र मिळायचं. ग्वीरानकडे अशी सात प्रमाणपत्रं होती. एकवीस वर्षं दर शनिवारी ती वस्तीतल्या ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांना कविता लिहायला आणि म्हणायला शिकवत होती. तिसऱ्या मजल्यावर अशासाठी, की दुसऱ्या मजल्यावरचे वाचक तक्रार करत. कारण तिच्या वर्गात आवाज फार. श्वास कुठे घ्यायचा, कुठे राखायचा, हात छातीशी कधी न्यायचा, नजर शेवटच्या रांगेतल्या एका डोक्यावर कशी ठेवायची, हे सगळं ती करून दाखवी. “शेवटच्या ओळीआधी मनात तीन मोजा,” ती सांगायची. “एक, दोन, तीन. त्या तीनमध्ये लोक रडायच्या तयारीला लागतात.” मुलं हसायची, पण मोजायचीही. कार्यक्रमात ती नेहमी पहिल्या रांगेत बसे आणि ओठांनी मूकपणे सगळी कविता मुलाबरोबर म्हणत राही. मुलं अडली की तिच्या ओठांकडे बघत. एकवीस वर्षांत तिचं एकही मूल मंचावर अडून राहिलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की तो लपवण्याचा प्रयत्नही ती करत नसे.

सोदाम मोजायची नाही. दुकानातल्या मुलीनं पिशवी हवी का विचारावं तशा आवाजात ती कविता म्हणायची. सहा महिने ती वर्गात खिडकीपाशी बसली, बहुतेक वेळ गप्प, आणि मार्चमध्ये गणिताच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर हे सहा ओळींचं लिहून आणलं. ग्वीरानला तो कागद आता गाडीत बसल्या बसल्या दिसत होता. पलीकडून वर्तुळाची आकृती उमटलेली, आणि तिच्यावर अक्षरं. आई दिवसाला वीस पाठी घासते. चेहरा विसरते, पाठ विसरत नाही. बाजारात कुणी पुढे चालताना दिसली की म्हणते, ही डाव्या खांद्यावर तीळवाली. वाचताना ग्वीरानच्या अंगावर काटा आला होता. स्टेशनजवळच्या सार्वजनिक न्हाणीघरात सोदामची आई बायकांची अंगं घासून द्यायचं काम करते, हे तिला तोवर ठाऊकही नव्हतं. आणि मग शेवटच्या दोन ओळी. घरी आल्यावर आई म्हणते, मला हात लावू नकोस. मी दाराच्या फटीतून टॉवेल देते.

“शेवट जरा कोरडा होतोय गं,” लाल पेनाचं टोपण काढत ती म्हणाली होती.

“कोरडाच आहे, बाई.”

“परीक्षकांना काय वाटेल? आई आपल्या मुलीला हात लावू देत नाही. का बरं? भांडण आहे का तुमचं?”

“नाही. दमलेली असते.”

“तू कधी तिची पाठ घासलीच नाहीस?”

“लहान होते तेव्हा.”

“मग झालं तर! खोटं थोडंच आहे?” आणि लाल पेन चाललं. घरी आल्यावर मी आईची पाठ घासते आणि एकेक करून वीस जणी उतरतात. लिहून झाल्यावर ग्वीरानला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. वीस जणी उतरतात! तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तीन मोजून. वर्गातल्या दोन मुली खरंच डोळे पुसू लागल्या.

“पण आता नाही घासत मी,” सोदाम म्हणाली.

“कविता म्हणजे हजेरीपट नव्हे, सोदाम.”

वर्ग हसला. वाक्य छान जमलं होतं. ग्वीरानला ते इतकं आवडलं की पुढच्या शनिवारी लहान गटातही तिनं ते वापरलं. सोदामनं कागदाची घडी घातली आणि नव्या ओळींसकट स्वच्छ प्रत काढून दिली. मुली मोठ्यांचं ऐकतात. नंबर लागला तेव्हाही ती “बरं” एवढंच म्हणाली, आणि कविता काचेवर झळकल्यापासून तीन शनिवार वर्गाला आली नाही. ग्वीरानचे सगळे निरोप वाचल्याची खूण दिसे, उत्तर नसे. परीक्षा असतील, असं ग्वीरान स्वतःला सांगत होती, आणि परीक्षा नाहीत हे तिला माहीत होतं.

गाडी नदीवरच्या पुलावर आली. डब्यात एकदम उजेड पडला आणि सगळ्यांनी डोळे मिटले. गेल्या गुरुवारी सोदामची आई ग्रंथालयात आली होती. हातात न्हाणीघराच्या भट्टीत भाजलेल्या तपकिरी अंड्यांची पिशवी, बोटं पांढुरकी, सुरकुतलेली, आणि आवाज असा की खालचे दोन्ही मजले वर बघू लागले असतील. दिवसभर पाण्याच्या आवाजावर बोलून बोलून तो तसा झाला होता, हे तिनेच सांगितलं आणि मग तो खाली आणायचा प्रयत्न केला, तो काही आला नाही.

“बाई, खा आधी. गरम आहेत. बाई, मला एक विचारायचंय, तुम्ही शिकलेल्या. त्या काचेवरच्या कवितेनं मोठी पंचाईत केलीय. न्हाणीघरातल्या सगळ्या जणी चिडवतात मला. कशी नशीबवान, लेक पाठ घासून देते म्हणे! आता मी काय सांगू? हो म्हणते. पण बाई, ती घासत नाही. मीच नाही घासू देत. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाला अंग लागलं की संध्याकाळी वाटतं, आता मला हवासुद्धा लागू नये.” ती जरा थांबली. “मला ठाऊक नव्हतं हो, पोरीच्या मनात एवढं असेल म्हणून. तिला घासावीशी वाटते आणि मी बाहेरच ठेवते. मी रोज जाता-येता वाचते ती कविता. पाठ झालीय. परवा घरी गेले, स्टूल मांडलं, पाठ करून बसले, म्हटलं ये, घास. तर आली नाही. दारात उभी राहून रडली. म्हणते, आई, ते माझं नाही. मग कुणाचं, म्हटलं. तर गप्प. तेव्हापासून टॉवेलसुद्धा खुंटीला लावून निघून जाते. माझ्यासमोर उभी राहत नाही. बाई, तुम्हीच विचारा ना तिला, माझं काय चुकलं.”

ग्वीरानच्या तोंडात अंडं होतं. “विचारते,” ती म्हणाली. “मुलं या वयात अशीच असतात हो.” आणि सोदामच्या आईनं तिचे दोन्ही हात धरले, वाकून वाकून आभार मानले, उरलेली अंडी टेबलावर ठेवली. ती गेल्यावर ग्वीराननं टरफलं गोळा केली. टेबल पुसलं, मग पुन्हा एकदा पुसलं. लाज वाटली की ती नेहमी काहीतरी पुसायला घेते.

पण अगदीच निर्लज्जपणे तिनं ते केलं नव्हतं. तिच्याकडे पुरावा होता. दहा वर्षांची असताना तिनेही एक कविता लिहिली होती. वडील तीन वर्षं वाळवंटातल्या देशात रस्ते बांधायला गेले होते, ते परत आले त्या दिवसाची. विमानतळावर शंभरेक माणसं एकदम बाहेर आली, सगळी उन्हानं रापलेली, सगळी एकसारखी हडकुळी, सगळ्यांच्या खांद्यावर तेच घोंगडं. आईनं पाठीत हलकेच ढकललं, “जा, बाबांना नमस्कार कर,” आणि ती जाऊन एका माणसापुढे कमरेत वाकली आणि बाबा म्हणाली. तो दुसराच कुणीतरी होता. तो पडलेले दात दाखवत हसला. त्याच्या शेजारचा माणूस हसला नाही. कवितेत तिनं हे असंच लिहिलं होतं. गुरुजींनी वाचलं, जिभेनं च्च केलं आणि लाल शाईनं शेवट लिहून दिला. मी धावत गेले आणि बाबांच्या कुशीत शिरले, त्यांच्या सदऱ्याला वाळूचा वास होता. पहिलं बक्षीस मिळालं. शाळेच्या कर्ण्यावरून तिनं ती म्हटली, वर्तमानपत्रात छापून आली, आणि वडिलांनी कात्रण चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. ते तिथे अडतीस वर्षं होतं. शेवटच्या आजारपणात ते परिचारिकेला सांगत, ही माझी लेक, विमानतळावर धावत आली होती, थेट कुशीत. आणि ग्वीरान म्हणे, हो बाबा. त्यांचा चेहरा उजळे. मग गुरुजींच्या लाल शाईनं कुणाचं काय वाईट केलं? म्हाताऱ्या माणसाला मरताना एक गोड आठवण मिळाली. हा तिचा पुरावा. एवढ्या वर्षांत शेकडो वह्यांवर तिनं लाल पेन चालवलं ते याच भरवशावर. मात्र त्या बक्षिसानंतर तिनं स्वतः एकही कविता लिहिली नव्हती. शिकवण्यातून वेळ मिळत नाही, असं ती सगळ्यांना सांगे.

सभागृहाच्या मागच्या बोळात सोदाम पाण्याच्या यंत्राला टेकून उभी होती. गणवेशातच. आली होती, हेच पुष्कळ. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली तपकिरी चिकट काहीतरी अडकलेलं ग्वीरानला दिसलं आणि तिनं नजर दुसरीकडे वळवली.

“आई आलीय?”

“चौथ्या रांगेत. रजा टाकून.” मग सोदाम म्हणाली, “बाई, मी खालच्या दोन ओळी सोडून दिल्या तर चालेल?”

“पुस्तिकेत छापल्यात गं. सगळ्यांच्या हातात आहे. लोक बोट लावून वाचत असतात.”

“हं.”

“सोदाम, अगं…” तिला पुष्कळ बोलायचं होतं. “श्वास घेऊन जा,” एवढंच तोंडातून बाहेर पडलं. इतकी वर्षं तेच बाहेर पडत आलं होतं.

सोदामचा नंबर सातवा. आधीच्या सहा जणांनी हात छातीशी नेले, आवाज कापरे केले, तीन मोजले. पहिल्या रांगेतल्या ग्वीरानला पहिल्यांदाच ते ऐकताना अवघडल्यासारखं झालं. लग्नात दुसऱ्या कुणाच्या अंगावर आपलाच पोशाख दिसावा तसं. मग सोदाम आली, ध्वनिक्षेपकापासून जरा लांबच थांबली आणि पिशवी हवी का या आवाजात सुरू झाली. वीस पाठी. चेहरा विसरते. डाव्या खांद्यावर तीळवाली. मागे कुणीतरी कौतुकानं हुंकार दिला. आणि सोदाम थांबली. एक, दोन, तीन. सभागृहाला वाटलं, शिकवलेलं थांबणं. चार, पाच. पुस्तिकेची पानं वाजली. सोदामचे डोळे खाली आले आणि सवयीनं ग्वीरानच्या ओठांवर टेकले. ग्वीरानच्या तोंडात त्या ओळी तयारच होत्या, जिभेच्या टोकावर. मी आईची पाठ घासते. तिचे ओठ उघडले, आणि त्याच क्षणी कशी कोण जाणे तिनं मान मागे वळवली.

चौथ्या रांगेत सोदामची आई मांडीवरचा गुच्छ घट्ट धरून पुढे झुकली होती आणि तिचेही ओठ हलत होते. मुलीला आठवावं म्हणून ती तेच सांगत होती, काचेवर वाचून वाचून पाठ झालेलं. मी आईची पाठ घासते. मी आईची पाठ घासते. जे घडलं नाही हे तिला माहीत होतं, तेच ती लेकीच्या तोंडी घालत होती. का? तर लेकीला ते हवं असेल म्हणून. ग्वीरानला आपल्या वडिलांचा चेहरा आठवला. दवाखान्यातला नव्हे, विमानतळावरचा. तो शेजारचा, न हसलेला माणूस. ते तिथेच होते की! तीन हातांवर उभे होते. त्यांनी बघितलं होतं तिला दुसऱ्याच्या पुढे वाकताना. आणि तरी अडतीस वर्षं ती चौकट त्यांनी भिंतीवर ठेवली, कारण त्यांना वाटलं की लेकीला तसं हवंय. आणि ती हो म्हणत राहिली, कारण तिला वाटलं की त्यांना तसं हवंय. दोघांना खरं माहीत होतं आणि दोघांत एकदाही त्यावरून साधं हसणं झालं नाही. केवढं हसता आलं असतं. मला सोडून त्या दातपडक्याला बाबा म्हणालीस होय गं, असं ते म्हणाले असते. तिचे डोळे भरून आले, आणि कुणी तीन मोजले नव्हते.

ती उभी राहिली. पहिल्या रांगेतून कुणी असं उठत नाही. सूत्रसंचालकाला वाटलं की बाईंना बरं वाटत नाही.

“त्या दोन ओळी माझ्या आहेत,” ती म्हणाली. आवाज मुळीच राखला गेला नाही, पहिला शब्द तर चिरकला. “पुस्तिकेत छापलेल्या. सोदामनं नाही लिहिल्या. मी तिच्या खोडल्या आणि माझ्या घातल्या. तिच्या चांगल्या होत्या.” मग मागे वळून, चौथ्या रांगेकडे, “सोदामची आई, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. गुरुवारी सांगायला हवं होतं, तुमची अंडी खाल्ली आणि गप्प बसले.” कुणीतरी हसलं, कुणी श्श केलं. ती सोदामकडे वळली. तिला मूळ ओळी आठवत होत्या, अक्षर न् अक्षर, पलीकडच्या वर्तुळासकट. ओठ हलवायची सवय इतकी जुनी की दोन्ही हातांनी तोंड झाकूनच ती खाली बसली.

सोदामनं काही क्षण तिच्याकडे पाहिलं. मग लांब, मागे.

“घरी आल्यावर आई म्हणते, मला हात लावू नकोस,” ती म्हणाली. “मी दाराच्या फटीतून टॉवेल देते.”

संपलं. टाळ्या कुणालाच सुचल्या नाहीत. आणि त्या शांततेत चौथ्या रांगेतून, पाण्याच्या आवाजावर चढवायचा तो आवाज आला.

“आणि तोसुद्धा नेहमी ओलाच देते!”

सभागृह फुटलं. बायका तर एकमेकींच्या अंगावर रेलल्या. सोदामची आई भांबावून इकडेतिकडे बघू लागली, आपण एवढं काय बोललो म्हणून, आणि मंचावर सोदाम तोंडावर हात घेऊन हसत होती की रडत होती ते कळेना.

“सुका असतो!” ती ध्वनिक्षेपकाशिवाय ओरडली. “तूच ओल्या हातानं घेतेस!”

ग्वीराननं प्रमाणपत्र घेतलं नाही. आयोजकांपैकी एकजण जरा रागावून म्हणाला की असं आधी कळवायला हवं होतं, आता काचेचं काय करायचं, आणि ती म्हणाली, खरं आहे. बाहेर निघताना दारापाशी मायलेकी दिसल्या. सोदामच्या हातात गुच्छ, आई तिच्या गणवेशाची कॉलर नीट करत काहीतरी मोठमोठ्यानं सांगत होती. सोदामनं ग्वीरानला पाहिलं, मान लववली. हसली नाही. पुढच्या शनिवारी येईल की नाही, तेही त्या मान लववण्यातून कळलं नाही. एवढ्यात तिनं माफ तरी का करावं, असं ग्वीरानला वाटलं.

परतीच्या गाडीत तिनं पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान उघडलं. पिशवीत लाल पेनच होतं, तेच घेतलं. विमानतळावर मी दुसऱ्याच माणसाला बाबा म्हटलं, असं तिनं लिहिलं. पुढची ओळ काही सुचेना. सात स्टेशनं ती त्या एका ओळीकडे बघत बसली, आणि उतरायचं स्टेशन जवळजवळ चुकलंच.

फलाटावर सफाईवाली त्याच काचेपाशी होती. आता चष्मा नाकावर, खरवडणी हातात. पट्टीचा एक कोपरा तिनं सोडवला होता. ग्वीरान पुढे झाली आणि तो कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला.

“अहो बाई! तुम्हीसुद्धा?”

“खाली खोटं लिहिलंय,” ग्वीरान म्हणाली. “मी लिहिलंय.”

सफाईवालीनं तिला नीट न्याहाळलं. “दुपारी तर म्हणालात माहीत नाही.”

“दुपारी माहीत नव्हतं.”

“मग खरं काय होतं?”

ग्वीराननं सांगितलं. श्वास न राखता, हात खाली सोडून. घरी आल्यावर आई म्हणते, मला हात लावू नकोस. मी दाराच्या फटीतून टॉवेल देते. मागून गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली, उतरली, दारं मिटली. सफाईवाली काचेकडे बघत होती.

“मीही नाही लावू देत कुणाला,” ती म्हणाली. “घरी गेलं की.” आणि खरवडणी तिनं बादलीत टाकली.